मागचा जिना आणि बेचाळीस अंगठे

३ मार्च, सोमवार

अकरा मिनिटं! आगीच्या सरावाची घंटा वाजल्यापासून शेवटचा माणूस रस्त्यावर यायला अकरा मिनिटं. अग्निशमन दलाचा अधिकारी घड्याळ बघत म्हणाला, "खरा धूर असता तर तीन मिळाली असती."

कारण? पुढच्या दाराशी हजेरीचं यंत्र आहे. घंटा झाली आणि ऑफिसातली बेचाळीस माणसं त्याच्यासमोर रांगेत – अंगठा न लावता बाहेर पडलं की अर्धी रजा जाते ना! हेडक्लार्क तर नंबरावरून भांडला. मागचा जिना मोकळा. त्याच्या दारावर साहेबांनी धबधब्याचं चित्र टांगलंय. आणि धंदा काय आमचा? नकाशे छापणं.

४ मार्च

भावजयीचं टेबल हॉलच्या पार टोकाला. सातवा महिना. नोकरीला तिला मीच चिकटवलं. आज तिच्या खुर्चीपासून मोजलं – पुढचं दार सत्तर पावलं, मागचं बारा. डोक्यातून जात नाही.

६ मार्च

साहेबांकडे गेले. मागच्या दारावर दिव्याची पाटी हवी, भिंतीवर बाण हवेत. साहेबांच्या मते हिरवा रंग भिंतींना शोभत नाही. शिवाय बाण गुडघ्याएवढ्या उंचीवर कशाला, माणसं काय रांगणार आहेत?

म्हटलं, "धूर वर चढतो, साहेब. तेव्हा आपण सगळे रांगणारच."

धबधबा उतरला.

११ मार्च, मंगळवार

पाटी लागली, बाण लागले. हिरवेगार. पुन्हा सराव – नऊ मिनिटं! सगळे बाणांना वळसा घालून पुढच्या दाराकडे, अंगठा लावायला. चहावाल्या मावशींना विचारलं, बाण दिसला नाही का?

"दिसला की. पण पाय रोजच्या वाटेनेच जाणार ना, बाई."

आठ दिवस मी भिंतींशी डोकं फोडत होते, आणि उत्तर चहाच्या किटलीशी उभं होतं.

१२ मार्च

यंत्रच हलवायचं! मागच्या जिन्याच्या तळाशी, अंगणात. येणं-जाणं रोज तिथूनच. साहेबांना एवढंच सांगितलं, की उशिरा येणारे तुमच्या खिडकीतून दिसतील. दुपारी वायरमन हजर. माझ्या खवटपणाचा कुणाला उपयोग झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.

२१ मार्च, शुक्रवार

एक मिनिट पन्नास सेकंद. हेडक्लार्क धापा टाकत दुसरा.

२५ मार्च, मंगळवार

खरा धूर. अकरा वाजून वीस मिनिटांनी खालच्या छपाईखान्यात वायरिंग पेटलं आणि पुढचा जिना बघता बघता काळाकुट्ट झाला. हॉलमध्ये कमरेच्या वर काही दिसेना.

बेचाळीसच्या बेचाळीस मागच्या जिन्याने उतरले! खोकत, ठेचकाळत, एकमेकांना शिव्या देत. आणि अंगणात पोचल्यावर प्रत्येकाने अंगठासुद्धा लावला – धन्य आहे! मी वरच्या दाराशी उभी राहून एकेकाला बाहेर काढलं. हेडक्लार्क सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, तुमच्या जिभेला मी कंटाळलो होतो. आता रोज बोला." डोळे पुसत होता. धुरामुळे, म्हणे.

भावजय ठणठणीत. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळही. भावाला फोन केला तर तो हातातलं काम टाकून धावत आला. साहेबांनी उद्या सत्कार ठेवलाय. आढेवेढे घेणार नाही. जिंकलेय मी.

२८ मार्च

हजेरीचा कागद आला. त्या दिवशी बाहेर पडल्याचा पहिला अंगठा माझा. भावजयीचा एकोणचाळिसावा. मी दाराशी उभी होते, हे अजूनही माझ्या डोळ्यांना स्पष्ट दिसतंय.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. विचारलं, तुला कुणी बाहेर आणलं? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "बाणांनी, वन्सं. तुम्ही लावलेल्या."