उजवीकडे वळताना

अमळनेर

प्रिय दिपमाला,

फोन केला असता तर तुझ्या आबांनी मधेच तो हातातून घेतला असता आणि शेवट आधी सांगून टाकला असता. म्हणून लिहिते आहे. ते आत्ता अंगणात विटांवर वांगी भाजत बसले आहेत. धुरानं खोकतात आणि खोकल्याचा दोष मला देतात. वांगी त्यांच्या वाट्याला का आली, तेही सांगते.

डॉक्टरांनी आबांना गाडी चालवू नका म्हटल्यापासून आपली गाडी चिंचेखाली कापड पांघरून उभी आहे, असं तुला वाटत असेल. आबांनाही तसंच वाटतं, अशी माझी समजूत होती. खरं म्हणजे मी हिवाळ्यापासून चालवायला शिकते आहे. शेजारची हेमलता शिकवते. आबा दुपारचे आडवे झाले की आम्ही दोघी गाडी ढकलत गल्लीच्या तोंडाशी नेतो आणि तिथून सुरू करतो. बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात कुणी नसतं. मधल्या इमारतीभोवती मी देवळाभोवती फिरावं तशी फिरायचे, कायम उजव्या हाताला वळत. हेमलता म्हणायची, काकू, नवस फेडताय की गाडी शिकताय?

तिथेच तो आवाज सुरू झाला. कट, कट, कट. आधी वाटलं, मागे बिबड्या-पापडांचा डबा राहिला असेल. डिकी रिकामी केली. आबांची छत्री निघाली, तुझ्या लग्नातलं एक ताटही निघालं. आवाज राहिलाच. गाडी सरळ नेली की गप्प. डावीकडे वळवली की गप्प. उजवीकडे पूर्ण वळवली की कट कट, आणि वेग वाढवला की तोही घाईत. म्हणजे चाकाबरोबरच फिरत होता. कोणतं चाक ते कळेना. मग हेमलतानं डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडली, इकडे आहे काकू, माझ्या कानाखाली!

त्याच आठवड्यात आबांनी जेवताना सांगितलं, पारोळ्याचे झुलालभाऊ गाडी बघायला येणार आहेत. जी चालवायला कुणी नाही ती ठेवून काय करायची? माझा घास तसाच राहिला. मी चालवते, असं पटकन बोलून गेले. आबांनी वरणात भाकरी कुस्करली. म्हणाले, माहीत शे. दुपारनी मी झोपस कुठे? फाटकातून आत येताना गाडी उजवीकडे वळते आणि कटकट करते, हे ते खाटेवर पडून रोज ऐकत होते. मी कधी सांगते याची वाट पाहत होते. वर म्हणाले, ब्रेक उशिरा दाबस तू. उजवं चाक गेलं आहे, त्यापेक्षा झुलाललाच देऊ.

मी म्हटलं, डावं गेलं आहे. दिपा, ते इतके हसले की ठसका लागला. सगळी नोकरी एसटी चालवण्यात गेली त्यांची. आवाज उजवीकडे वळताना येतो आणि बिघाड डावीकडे, हे कुठे ऐकलं का, असं त्यांनी भिंतीवरच्या पालीलासुद्धा विचारलं. मग पैज लागली. उजवं निघालं तर गाडी झुलालभाऊंची. डावं निघालं तर गाडी माझी, आणि भरीत आबा करणार.

नवलच्या गॅरेजवर गेलो. त्यानं गाडी रस्त्यावर सरळ नेली, सरळ आणली आणि म्हणाला, बठ्ठं ठीक शे, आबा. मी त्याला उतरवलं आणि स्वतः बसले. शेजारी आबा. त्यांनी खिडकीवरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. एवढी वर्षं दुसऱ्यांना घेऊन फिरलेला माणूस. गॅरेजपुढच्या मोकळ्या जागेत मी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं. कट कट कट. नवलनं जॅक लावला, डाव्या चाकामागे हात घातला आणि हसू दाबत म्हणाला, आबा, डावंच शे. रबर फाटेल शे.

चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचं रबरी आवरण, बूट म्हणतात ते, फाटून आतलं ग्रीस उडून गेलं होतं आणि त्या जागी जिनिंगची धूळ बसली होती. आबांनी खाली वाकून बोटांनी चाचपून पाहिलं. मग कपाळावर हात मारला. बसला मागची चाकं ढकलतात, हिला पुढची ओढतात. उजवीकडे वळताना बाहेरचं डावं चाक लांबून फिरतं आणि ताण त्याच्याच सांध्यावर येतो, हे त्यांनी आम्हालाच समजावून सांगितलं, जणू तेच पैज जिंकले होते. नवलनं नवा सांधा बसवला. परतताना चौकात मी गोल वळसा घेतला. आवाज नाही. आबा म्हणाले, अजून एकदा. पोलीस बघायला लागला तरी आम्ही अजून एकदा फिरलो.

आता कशासाठी लिहिते आहे ते. आखाजी जवळ आली, लेकींनी माहेरी यायचा सण. गेल्या आखाजीला तुझ्या चुलतभावाला, मगनला, मुराळी होऊन तुला आणायला यायची सवड झाली नाही. तुला न्यायला मुराळी नाही, आणि मुराळ्याशिवाय तुझ्या सासूबाई धुरपदाबाई सून धाडत नाहीत. तू फोनवर म्हणालीस, शाळेत रजा नाही. मी बरं म्हटलं. आपल्याकडे झोका बांधला होता, तो तसाच हलत राहिला. तुला भाऊ नाही, हे मी कधी दुःख म्हणून बोलले नाही, आजही बोलत नाही. हे पत्र धुरपदाबाईंना वाचून दाखव. आखाजीच्या आदल्या दिवशी तुझी मुराळी येते आहे, धुळ्याला, स्वतः गाडी चालवत. शेजारच्या सीटवर आबा असतील, भरताचा डबा मांडीवर घेऊन. पिशवी भरून ठेव. तुमच्या गल्लीत उजवीकडे वळावं लागतं आणि आता आवाज येत नाही, म्हणून मी हॉर्न वाजवीन.

वाटेला लागायला उतावीळ झालेली
तुझीच आई