साडेतीन फेरे

३ मार्च
जहांगीर! नळाचा व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस मला पाण्याचं गणित शिकवतो!

गावाची अख्खी पाणीयोजना संगणकात मांडली — टाकी, पाइप, चढ. राहिली फक्त टोकं. पाइपच्या टोकाशी काय घडतं ते आपणच ठरवून द्यायचं असतं, मग संगणक आतला दाब सांगतो. मी ठरवलं: घरटी अडीचशे लिटर, मग तोटी बंद. पुस्तकात तसंच आहे. वरच्या गल्लीलाही भरपूर दाब आला.

हे महाशय मागून डोकावून, दात काढत — ‘तोटी कोनाच्या घरी हाय, साहेब?’ मी पुढचा आकडा भरला.

५ मार्च
आज म्हणे, खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह साडेतीन फेरे आवळल्याशिवाय वर पाणी चढत नाही. साडेतीन! कोणी मोजलं? ‘म्याच मोजलं. बावीस वर्सं झाले.’ अडाणीपणाला मिजास किती असावी!

अहवालात स्पष्ट लिहिलं — सगळे व्हॉल्व्ह कायम पूर्ण उघडे ठेवावेत, व्हॉल्व्हमनची गरज नाही.

६ मार्च
अहवाल दिला. सरपंच खूश. सुटलो या गावातून.

१४ मार्च
पाणी सुटायचा दिवस म्हणून पुन्हा यावं लागलं. जहांगीर दिसला नाही. बरंच झालं.

वरच्या गल्लीत थेंब नाही! तानाबाई नावाची म्हातारी रिकाम्या हंड्याशी बसलेली. दाब आहे आजी, येईल, म्हणालो. ‘दाब कुठी हाय बापा? मले तं दिसत नाही.’

चिडून खाली उतरलो. खालच्या गल्लीत एकाही नळाला तोटी नाही! ड्रम भरले, टाकी भरली, आता म्हशी धुणं चाललंय. एक बाई मलाच हसली — ‘आठ दिवसानं येते पानी, तोटी काऊन लावा?’

मूर्ख लोक. पण तोट्या आहेत असं लिहिणारा मी कोण?

१५ मार्च
संगणकात टोकं उघडी धरली. तिथे दाब शून्य. वरची गल्ली कोरडी! मग खालचा व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळत गेलो. तानाबाईच्या दारात पाणी पोचलं तेव्हा फेरे मोजले.

साडेतीन.

१६ मार्च
जहांगीरचाचांकडे गेलो. दारात त्यांची बायको, खुर्शीदाबी. ‘धा तारखेलेच कामावरून काहाडलं. दुसरबीडले गेले, पोरीकडे. गरज नाही म्हनून तुमीच लिवलं ना, साहेब?’