डाग गेला

३ मार्च, सकाळी ७
शास्त्रीय माणसाने नोंद ठेवावी, म्हणून ही वही. दुकानातल्या शेतीच्या औषधांच्या कपाटात राहील, कुलूप लावून. नाजूक जागी फोड आलाय. गोल, कडक, अजिबात दुखत नाही. दुखत नाही म्हणजे गंभीर नाही. फेब्रुवारीत कंपनीने टार्गेट पूर्ण केलेल्या आम्हा दुकानदारांना बँकॉकला नेलं होतं, तिथल्या खाण्याची उष्णता. तिथल्या एका रात्रीचा इथे काही संबंध नाही. सब्जा सुरू.

६ मार्च
जांघेत गाठ. जुन्नरला डॉक्टरकडे जावं? पण अख्खी पिंपळवंडी मलाच पिकाचा डॉक्टर म्हणते. मी कुणाच्या रांगेत बसायचं? टोमॅटोच्या करप्यावरची पावडर दुकानात आहेच, शेवटी अँटिबायोटिकच ना. वाटीभर पाण्यात चिमूटभर कालवून लावली. भयंकर आग झाली. म्हणजे लागू पडतंय.

२ एप्रिल
फोड साफ गेला! पावडर जिंकली.
आज गोकुळ आला होता. एक फवारा मारून थांबला आणि त्याचा टोमॅटोचा सगळा प्लॉट करप्याने बसला. गिऱ्हाइकांसमोरच झापला. म्हटलं, डाग गेला म्हंजी रोग गेला का राव? वर दिसत नाय तवा आत पसरतो. बिचारा मान खाली घालून गेला. कधी सुधारणार हे लोक.

१९ एप्रिल
नूतनला दिवस गेलेत. लग्नाला सात वर्षं झाली, दोन देव आणि तीन डॉक्टर झाले. ती रडली. मीही रडलो, गोडाऊनमध्ये.

२८ एप्रिल
तळहातांवर, तळपायांवर तांबूस डाग. खाजत नाहीत. अंगात कणकण. औषधं हाताळून होतं असं. उद्यापासून ग्लोव्हज. नूतनने विचारलं, पायानं बी औषध कालवता का वो? तिला रसायनशास्त्र कळत नाही.

१० मे
आशा सेविका उज्ज्वला घरी आल्या. गरोदर बाईचं रक्त तपासतात, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ. भाऊ, तुमी बी द्या, पाच मिन्टाचं काम हाय, म्हणाल्या. मी म्हटलं, सीझन आहे, नूतनलाही मीच घेऊन येईन, घाई कशाला. रात्री मोबाइलवर सिफिलिस शोधलं. तीन ओळी वाचल्या. नेट गेलं.

११ मे
नेट गेलं नव्हतं. मी फोन बंद केला होता.

२५ मे
हातपाय कोरे! म्हटलं नव्हतं? मग झोप का लागत नाही, हे कळत नाही. सोमवारी रक्त, नक्की.

२७ मे, सोमवार
गेलो नाही. आळेफाट्याला माल आला होता. नूतन एकटीच एसटीने सरकारी दवाखान्यात गेली आणि रक्त देऊन आली. माल उद्याही आणता आला असता.

४ जून
नूतनचा रिपोर्ट. सिफिलिस पॉझिटिव्ह.
डॉक्टर मॅडमनी दोघांना समोर बसवलं. हा संबंधातून पसरतो. फोड आपोआपच जातो, काही लावा नाहीतर लावू नका. वर दिसत नाही तेव्हा आत पसरतो. हे वाक्य माझं आहे. पोटातल्या बाळापर्यंत पोचतो, बाळ दगावूही शकतं. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो, पण दोघांनीही घ्यायला हवं, आणि लवकर. फोड आल्या आल्याच आला असतात तर हिच्यापर्यंत आलंच नसतं कदाचित, म्हणाल्या. मला भीती वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती.
फोड कधी आला होता, मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, आठवत नाही.
नूतन माझ्याकडे न बघता म्हणाली, तीन मार्चला. सकाळी सात वाजता.
कपाटाची दुसरी किल्ली घरी असते, हे माझ्या लक्षातच नव्हतं.
इंजेक्शनं झाली. ती तिथूनच आणे गावी माहेरी गेली. सोनोग्राफी अकरा तारखेला आहे. मला म्हणाली, तुमी येऊ नका.