पहाटेसाठी राखलेलं अर्धं औषध

प्रिय ताई,

इथूनच वाकून नमस्कार. कंबर अजून वाकते, काळजी नको.

काल माझी आतड्याची तपासणी झाली. सगळं स्वच्छ निघालं. कागदावर लिहिल्याप्रमाणे आतडं साफ करायचं जुलाबाचं अर्धं औषध आदल्या संध्याकाळी घेतलं, उरलेलं पहाटे पाचला. चव काय सांगू? भावोजींना म्हणावं हसू नका, तुमचीही पाळी येईल.

अर्धी बाटली ठेवून झोपताना दादा आठवला. उद्याचं काम आज उरकायची आपल्या घरची खोड; त्याच्या तपासणीच्या वेळी त्याने दोन्ही डोस संध्याकाळीच संपवले. मला फोनवर म्हणाला, "झालो बघ मोकळा!" सकाळपर्यंत आतडं पुन्हा गढूळ. डॉक्टर म्हणाले, नीट दिसलं नाही, परत या. हा म्हणाला, "एकदा केलेलं काम मी दुसऱ्यांदा करत नाही." दोन वर्षांनी कॅन्सर दिसला, तेव्हा फार पसरला होता. जायचीही घाईच केली त्याने.

वहिनी जेवतात ना नीट?

सोमवारी अकराला तुझी तपासणी. तूही त्याच घरातली, म्हणून लिहितो. पहाटे फोन करून मी उठवेन तुला. आयुष्यात एकदा तरी काम अर्धं टाकून झोप, ताई.

तुझा,
आता एकुलता उरलेला भाऊ