आईच्या गुलाबाचा निळा ब्रश

धाकटे,

आधी आल्या विहीणबाई, त्यांच्यामागून व्याही, आणि व्याह्यांच्या हातात फावडं, खुरपं नि ही एवढी मोठी कात्री. मी दारातच म्हटलं, चहाला आलात की लढाईला? (आशीर्वाद लिहायचा राहिलाच बघ. तुझे गुडघे कसे आहेत? माझे दोन्ही जागच्या जागी आहेत, वाकत तेवढे नाहीत.) तर सूनबाईने आपल्या आईवडिलांना परस्पर सांगून ठेवलेलं, थंडी सरली, सासूबाईंच्याने आता होत नाही, बाग तेवढी साफ करून द्या. मला विचारलं कोणी? बाग माझी, कंबर माझी, ठरवणार दुसरेच.

पण माणसं कामसू हो, खोटं कशाला बोलू. पालापाचोळा काढला, वाफे उकरले, शेणखत घातलं. व्याही तर असे घामाने निथळत होते की वाफ्यांना वेगळं पाणी नको. मी चहा टाकायला आत गेले तेवढंच निमित्त. तुला ठाऊकच आहे, माझी शाळा दुसरीत सुटली, माझं अक्षर तुझ्याशिवाय कोणाला लागत नाही. नावं लिहून पाट्या रोवून उपयोग नाही, म्हणून मी घरातले दात घासायचे जुने ब्रश रोवते. लाल ब्रश म्हणजे टोमॅटो, पिवळा म्हणजे झेंडू, पांढरा म्हणजे अजून ठरायचंय. आणि ह्यांचा निळा ब्रश आपल्या आईच्या गुलाबापाशी, कारण थंडीत त्याची नुसती काटकी उरते, पण ब्रश दिसला की घरातलं कोणी हात लावत नाही. विहीणबाई पडल्या टापटिपीच्या. त्यांनी सगळे ब्रश उपटून कचऱ्यात टाकले आणि वर मलाच विचारलं, "ताई, तुमच्याकडे बागेत बसून दात घासतात का हो?" मी हसणार, तेवढ्यात नजर कोपऱ्यात गेली. गुलाब नाही! वाळकी काटकी समजून व्याह्यांनी जमिनीसरशी छाटून टाकलेला.

तुझ्याकडचा आईचा गुलाब गेल्या वर्षी किडीने गेला, म्हणजे उरला होता तो हा एवढाच. आत चहा उतू गेला तो गेलाच. हे म्हणाले, "अगं, बाजारात गुलाबांना काय तोटा?" तेव्हापासून चार दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. (ते ह्यांच्या पाचव्या दिवशी लक्षात आलं.)

पंधरा दिवस रोज उठून मी त्या खुंटापाशी जायची नि हात हलवत परत यायची. आज सकाळी चष्मा लावून वाकले, तर तांदळाच्या दाण्याएवढा लाल कोंब! एक नाही, तीन! जीव भांड्यात पडला बाई. मी तिथेच मातीत फतकल मारून रडले. हे घाबरून तांब्याभर पाणी घेऊन धावले. मला वाटलं माझ्यासाठी, तर ह्यांनी ते गुलाबाला घातलं. लग्नाला पन्नास वर्षं होतील, पण असे शहाण्यासारखे वागलेले मी पहिल्यांदा पाहिले.

तुझी,
ताई

ता. क. गुलाब लदबदलाय असं मी तुला दरवर्षी लिहायची, ते तुला बरं वाटावं म्हणून. खरं तर तीन वर्षांत एक कळी नव्हती. रोपवाला म्हणतो, असा खालून छाटायलाच हवा होता. हे विहीणबाईंच्या कानावर जाता कामा नये.

आणखी एक ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. रागाच्या भरात मी विहीणबाईंना फोनवर सांगून बसले की गुलाबाची बातमी ऐकून माझ्या धाकटीने अंथरूण धरलंय, अन्न सोडलंय. (तुला हे सगळं आत्ताच कळतंय, माहीत आहे मला.) त्या बिचाऱ्या रोज तुझी तब्येत विचारतात आणि व्याह्यांनी कात्री कुलपात ठेवली आहे. तेव्हा तू शनिवारीच ये. येताना घरातले जुने ब्रश आण, आणि जरा खंगलेली दिस, निदान पहिला चहा होईपर्यंत. ती दोघं रविवारी सकाळी नऊला येतो म्हणालीत, तुझी माफी मागायला.