शनिवारची फायनल

सुकापूर

प्रिय शिरा,

तुझे चार फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही. आजारी नाही, रागावलेलीही नाही. फोनवर तू आधी रडशील नाहीतर मी शिव्या देईन, आणि सांगायचं ते राहून जाईल, म्हणून लिहिते. मोशे मंगळवारी परत तुमच्याकडे निघतोय, त्याच्या हाती पाकीट देते. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, चौथीच्या पुढे शाळेने मला बघितलं नाही हे तुला माहीत आहे. समजून घे.

सर येतायत या बातमीने गाव नुसतं उधाणलं आहे. एकतीस वर्षांनी तुझे बाबा, आपले एफ्राइम सर, गावातल्या मुलींच्या कबड्डीची फायनल बघायला येणार, त्यांच्या हातून कप दिला जाणार. बघायला म्हणजे ऐकायलाच, डोळ्यांचं तू कळवलंसच. माझी समीक्षा आता कॅप्टन आहे. चढाईला जाते तेव्हा अगदी तुझ्यासारखी डावा खांदा पाडते. कोणी शिकवलं नाही, आपोआप आलं. पण त्या फायनलचीच गोष्ट सांगायची आहे, आणि ती चांगली नाही.

मी इंग्रजीच्या क्लासला जाते. हस, पोटभर हसून घे. न्हावा शेवाच्या ऑफिसांत माझे जेवणाचे डबे जातात, तिथले नवीन साहेब मराठी बोलत नाहीत. ते काहीतरी विचारतात, मी मान हलवते, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात भलतंच मागितलेलं असतं. म्हणून नवीन पनवेलला धंद्याचं इंग्रजी शिकवतात तिथे नाव घातलं. रिया नावाची बाई शिकवते, माझ्या मुलीच्या वयाची, पण वर्गात कोणाला चुळबूळ करू देत नाही.

एक दिवस धडा निघाला खेळ आणि धंदा यांचा. कंपन्या खेळाला पैसे का देतात, बदल्यात काय घेतात. रियाने फळ्यावर मधोमध रेघ मारली, इकडे कंपनी देते ते, तिकडे कंपनी घेते ते. प्रत्येकाने एक उदाहरण सांगायचं. माझा नंबर आला तशी मी छाती काढून उभी राहिले. म्हटलं, अवर कबड्डी, कंपनी गिव्ह मॅट, गिव्ह शूज, गिव्ह बस. नो टेक. पळस्प्याच्या पुढे टॉवर बांधतायत ना, तीच कंपनी. सगळे हसले. रिया हसली नाही. म्हणाली, जनीताई, कागद झाला असेल ना काहीतरी, तो घेऊन या, पुस्तकापेक्षा खरा कागद वाचू.

मी नेला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, मोठ्या ऐटीत नेला. मंडळाची अध्यक्ष मी, खाली सही माझी. सातव्या ओळीवर रिया थांबली. सगळे सामने कंपनी ठरवेल त्या दिवशी होतील, फायनल शनिवारी. मी म्हटलं, परत वाच. तिने परत वाचलं. मी म्हटलं, मराठीत सांग. तिने मराठीत सांगितलं, तरी शनिवारच निघाला. शिरा, माझ्या कानांत नुसती शिटी वाजायला लागली. वर्ग सोडून खाली उतरले, रिक्षात बसले, आणि कुठे जायचं ते रिक्षावाल्याला सांगताच येईना.

तुला आठवतं ना, उरणकडच्या त्या स्पर्धेत आपली फायनल शनिवारी आली होती. सर आले नाहीत. तुला त्यांनी खेळायला पाठवलं, पण स्वतः शब्बाथ, तुमचा शनिवारचा विसाव्याचा वार, मोडला नाही. आपण हरून तुमच्या दारात आलो तेव्हा ते हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसले होते.  बथशेबा मावशीने आपल्याला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या अध्यक्ष दाजींनी मंडळाच्या बैठकीत सांगून टाकलं, "आजपासून शनवारी आपला मॅच नाय. मास्तर नाय तं खेल नाय." सरांनी कधी मागितलं नव्हतं गं. गावाने आपण होऊन दिलं. तुम्ही देश सोडून गेलात तरी ते चालू राहिलं.

आणि आता दुसरा धक्का ऐक. घरी येऊन समीक्षाला म्हटलं, तू शिकलेली, सहीच्या आधी कागद वाचलास, तुला शनिवार दिसला नाही? ती म्हणाली, दिसला की, पण तो तर मारुतीचा वार म्हणून बंद असतो ना, मारुतीला काय, नारळ फोडू. सगळ्या मुलींना हेच वाटतं. एकीलाही माहीत नाही, कारण सांगायचं कोणी? दाजी गेले. उरले मी. मला वाटत राहिलं की हे सगळ्यांना ठाऊकच आहे.

कंपनीच्या ऑफिसात गेले. सत्यजीत म्हणून मुलगा बघतो हे काम. वाईट नाही, पाणी विचारलं, काकू म्हणाला. पण तारीख हलणार नाही म्हणाला. रविवारी टीव्हीवर मोठी मॅच, मग कबड्डीला कोण येणार, शूटिंगवाले ठरलेत, बोर्ड लागलेत. मी सरांचं सांगितलं, डोळ्यांचंही सांगितलं. त्याने मनापासून ऐकलं, आणि म्हणाला, मग सोपं आहे काकू. सरांना दिसत नाही ना? खरी फायनल शनिवारी होऊ दे. रविवारी सकाळी त्याच मुली, तीच मॅट, कॉमेंट्रीवाला पुन्हा बोलवू, टाळ्या स्पीकरवर लावू. सर कप देतील. त्यांना काय कळतंय? आम्ही त्याची छान फिल्म पण करू.

तिथे त्याच्या कानाखाली वाजवायला पाहिजे होती. मी काय केलं सांगू? थँक्यू म्हणून आले. खरं लिहिते, घरी येताना मला हलकं वाटलं. रात्रीचं जेवण गोड लागलं. सकाळी मुलींना सांगितलं तर त्याही खूश, म्हाताऱ्याचं मन राहील म्हणाल्या. बुटांच्या नाड्या बांधता बांधता समीक्षाने विचारलं, "आई, रविवारी जिंकायचं कोणी?"

तिने सहज विचारलं. मी तिथेच मॅटवर बसले. आपली मुलगी खोटी चढाई करणार, समोरच्या मुली खोटंखोटं पकडणार, आणि ज्या माणसाने आपल्याला पकडायला शिकवलं तो खुर्चीत बसून टाळ्या ऐकणार. हे मी ठरवलं होतं. मी, जनीने.

तो वेणीचा प्रसंग तू विसरली नसशील. चढाईवरून परतणाऱ्या समोरच्या पोरीचं बोट माझ्या वेणीला लागलं, पंचाने बघितलं नाही, मी तशीच खेळत राहिले आणि आपण जिंकलो. सरांनी बघितलं होतं. त्यांनी ढाल परत करायला लावली. मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. वेणीला लागलं ते काय लागणं, असं गावभर सांगत फिरले. ते एवढंच म्हणाले होते, जने, लागलं की हात वर करायचा आणि आपल्या पायांनी बाहेर व्हायचं, पंचाच्या शिट्टीची वाट बघायची नाही.

सत्यजीतला सांगून टाकलं, रविवार रद्द. शनिवारी समीक्षा खेळेल, तिला मी अडवणार नाही. तिचा घाम खरा आहे, सही माझी होती. कागद दोन वर्षांसाठी आहे, तोवर काही हलत नाही. पण मुलींना मी मारुतीची नाही, सरांची गोष्ट सांगितली.  मग एकीने विचारलं, मातीतले सर मॅटवरचे बूट चालवून घेतील का. म्हटलं, त्यांनाच विचारा.

आता का लिहिलं ते. ट्रक ड्रायव्हरला तोंडावर बोलणारी मी, सरांना फोन लावून दोनदा ठेवून दिला. तेव्हा हे पत्र तू त्यांना वाचून दाखव, सगळं, टाळ्यांच्या स्पीकरसकट, काही गाळू नकोस. विमानाला अजून बारा दिवस आहेत, यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. आलेच, तर शनिवारी माझ्या पडवीत दोन खुर्च्या असतील. पोरीची फायनल सोडून मी त्यांच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसणार आहे. मैदानावरचा आवाज तिथवर येतो, कोण जिंकलं ते कळेल. आणि त्यांना सांग, या वेळी पंचाने बघितलं नव्हतं, तरी जनीने हात वर केला.

तुझीच, तुझ्या संघातली,
जनी