डाग नव्हे, चटका

मुलीच्या केसांत अडकलेला पांढरा गोंद मी खोबरेल तेलानं सोडवत होते, आई. डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढतात, त्याचा गोंद. परवा ती हिंजवडीला ऑफिसात खुर्चीतून खाली पडली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला आकडी येत होती का? मी म्हटलं, नाही. तेव्हा मला तेवढंच ठाऊक होतं.

तेल लावताना तिनं माझा हात धरला आणि मनगटावरच्या खुणेवर बोट फिरवलं. "आजीचा चटका ना हा? पण त्वचेच्या पेशी तर महिना-दीड महिन्यात नव्या होतात. आजीनं भाजलेली त्वचा कधीच गेली. मग हे काय राहिलंय?" तिनं फोनवर शोधलं. वरची त्वचा बदलत राहते. खालचा थर जखमेनं जसा विणला त्याच विणीचा राहतो, आणि नव्या पेशी त्याच्यावरच येऊन बसतात. "मेंदूतल्या बहुतेक पेशी मात्र बदलतच नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे माझा बिघाड पर्मनंट. अभिनंदन." मला हसू आलं नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न आहे.

कसब्यातलं आपलं स्वयंपाकघर मला दिसतं. स्टो फरफरतो आहे, तू माझ्यावर ओणवी, तोंड लालबुंद, "हलू नकोस, हलू नकोस म्हणते ना!" पुढचं आठवत नाही. का भाजलंस ते तू सांगितलंस, तेही मला नव्हे. मला बघायला आलेल्या सासूबाईंनी बांगड्यांमागे पाहून विचारलं, "हा डाग कसला?" तू पोह्यांच्या बशा पुढे करत म्हणालीस, "डाग नव्हे, चटका. फार हट्टी होती हो. मीच दिलं उलथणं टेकवून." सगळे हसले. लग्न ठरलं. सासूबाई पुढं कित्येक वर्षं म्हणायच्या, "तुझ्या आईचं उलथणं आमच्याकडे नाही हो, घाबरू नकोस."

त्या उलथण्यावर मी उभी राहिले. संगणकाचे वर्ग नुकते निघाले होते. तुझ्यासारखं व्हायचं नाही म्हणून शिकले, नोकरी धरली, कर्वेनगरला घर घेतलं. मुलीवर कधी हात उगारला नाही. तू गेलीस तेव्हा रडले, पण राग गेला नाही.

काल मावशीकडे गेले. मुलीचं सांगितलं. मावशीनं माझं मनगट ओढून खूण पाहिली. मग म्हणाली, "तुलाही यायची."

"काय?"

"आकडी. लहान होतीस. कुणी म्हणालं, विळा तापवून डाग द्या, थांबेल. अगं, पाय मी धरले होते तुझे. उलथणं कसलं!"

मग आई तसं का सांगायची, मी विचारलं. मावशी चिडली. "काय सांगायचं होतं मग? मुलीला आकडी यायची म्हणून? कुणी करून घेतली असती तुला? आई तापट निघाली तर चालतं लोकांना."

डाग म्हणाली असतीस तर पुढचा प्रश्न आला असता, कशासाठी. चटक्याला तसं कुणी विचारत नाही. एक शब्द बदललास आणि दोष स्वतःकडे घेतलास. मला तरी सांगायचंस. हट्टी पोर आणि तापट आई, या दोघींवरून मी स्वतःला ओळखत आले. त्या दोघी नव्हत्याच. मग इतकी वर्षं जिनं राग धरला ती कोण? आणि ज्या पेशींना आकडी आली, त्या अजून माझ्या डोक्यात आहेत. मला आठवत नाही ते त्यांनी पाहिलेलं आहे.

परतताना रिक्षात एकच विचार. डॉक्टरांना सांगितलं की कागदावर येईल, आनुवंशिक. मुलाकडचे विचारतील. लपवलं तर उपचार चुकतील. तरी तोंडात वाक्य तयार होतं: "उपास होता हो तिचा, चक्कर आली." तुझ्याच सुरात.

हे तुला पोचणार नाही, म्हणून लिहिते. मला तुझ्यावरचा राग परत हवा आहे. तो होता तोवर मला मी ठाऊक होते.

सकाळी चहा घेताना मुलीला सगळं सांगितलं. "त्याच्या घरच्यांशी मी बोलते," ती म्हणाली, "तू डॉक्टरांना सांग." फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पेशंटचं नाव विचारलं. मी माझं सांगितलं.